तिसरे बिऱ्हाड

फार फार पूर्वीची ही गोष्ट आहे, लहानथोरांनो. तेव्हा आकाशातल्या निम्म्या ताऱ्यांना अजून नावे मिळायची होती, आणि आपण जशी नदी ओलांडायला नाव वापरतो, तशा नावा एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे ये-जा करत असत.

त्या आकाशात मेघडंबरी नावाचे एक जग होते. तिथली माणसे बरीचशी आपल्यासारखीच होती. फक्त त्यांची कातडी घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी लालसर होती आणि कान पिंपळाच्या पानाएवढे मोठे होते. आनंद झाला की ते कान ताठ उभे राहत. भीती वाटली की मिटून मानेला चिकटत. त्यामुळे मनातले मनात ठेवणे तिथे कोणालाच जमत नसे, आणि म्हणूनच ती माणसे एकमेकांशी सांभाळून वागत.

पण पुढे सुबत्ता आली, तिच्या पाठोपाठ आळस आला, आणि आळस घरचा झाल्यावर माज आला. दरबारातल्या लोकांनी कानांना सोन्याच्या पट्ट्या बांधून घेतल्या, म्हणजे मनात काही का असेना, कान कायम ताठ. उंबरठा ओलांडायलाही त्यांना पालखी लागू लागली. घास भरवायला एक माणूस, आणि घास गिळला की ‘वाहवा’ म्हणायला दुसरा.

एका वर्षी खालच्या वस्तीतल्या विहिरी आटल्या. लोक रिकामी मडकी घेऊन राजवाड्यावर गेले. तिथे कारंज्यांतून अत्तराचे पाणी उडत होते. एक बाई तहानेने मलूल झालेले लेकरू पोटाशी धरून चौकात उभी राहिली आणि हंबरडा फोडून रडली. दरबाऱ्यांना वाटले, हा काही नवा खेळ आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, फुले उधळली, आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, “फारच सुंदर. पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या.”

त्या दिवशी खालच्या वस्तीचे मन मेघडंबरीवरून उडाले. विणकर, आचारी, कुंभार, सुइणी, माळी अशी कष्टाची माणसे एका जुन्या मालवाहू नावेत बसली आणि निघाली. त्यांचा पुढारी एक माळी होता. त्याला सगळे थोरले म्हणत. नाव सुटता सुटता राजवाड्याची दवंडी त्यांच्या कानावर आली. जो कोणी मेघडंबरी सोडून जाईल, त्याला शोधून काढू आणि बेड्या घालून परत आणू.

ती दवंडी त्यांच्या कानांत जी बसली, ती बसलीच.

आकाशाच्या अगदी वेशीवर काही ओसाड जगे होती. तिथे कोणी जात नसे, म्हणून ते तिथे गेले. पहिल्या जगावर त्यांनी चुली मांडल्या न मांडल्या, तोच आकाशात काहीतरी सावलीसारखे सरकले आणि ते पळाले. दुसरे जग फार चांगले होते. काळी जमीन, संथ नदी आणि नदीपलीकडे मिठाचे तळे. तिथे त्यांनी पेरणी केली, घरांचे वासे उभे केले. पण एका संध्याकाळी टेहळणीला बसलेल्या थोरल्यांना आकाशात प्रकाशाची एक रेघ दिसली, आणि त्यांनी शिंग फुंकले. शिंग वाजले की नाव कोणासाठीही थांबणार नाही, असा नियम होता, कारण एकासाठी थांबले तर सगळेच सापडतील. त्या दिवशी मीठ आणायला नदीपलीकडे गेलेली दहाबारा माणसे मागे राहिली.

त्यांत हेमळा होती. आपली ही गोष्ट जिची आहे, त्या तोरवीची ती थोरली बहीण.

तोरवीला आईबाप आठवत नव्हते, तिला अक्काच आठवत होती. अक्कानेच तिला पाठुंगळीला घेऊन मेघडंबरीतून आणले होते. नाव वर उठली तेव्हा तोरवी खिडकीशी होती. खाली नदीकाठाने मुंग्यांएवढी माणसे धावत होती, आणि त्यांतली एक डोक्यावरचे फडके सोडून हलवत होती. फडके हळदी रंगाचे होते. अक्काचे फडके हळदी रंगाचे होते. तोरवीने हे कधी कोणाला सांगितले नाही, कारण ज्याला सांगावे, त्याचेही कोणी ना कोणी खाली राहिले होते.

तिसऱ्या जगाला त्यांनी नावही दिले नाही. तिसरे बिऱ्हाड, एवढेच म्हणत. नाव द्यायचे ते राहायचे असेल तर.

तिथे मोठे हिरवे माळरान होते, पण ते आकाशातून दिसले असते. म्हणून ही माणसे दरीतल्या ओल्या गुहांत राहू लागली. कपारींत मूठमूठ पेरून अर्धपोटी जेवू लागली. धूर दिसू नये म्हणून चुलीवर ओले शेवाळ धरत, आणि तो धूर मग गुहेतच कोंडे. म्हातारी माणसे रात्रभर खोकत. गाणे मोठ्याने म्हणायचे नाही. गाठोडी सोडायची नाहीत. झाड लावायचे नाही, कारण फळ धरायच्या आत निघावे लागेल. हा शेवटचा नियम खुद्द थोरल्यांनी केला होता, जे जन्माचे माळी होते.

त्या गुहांत जन्मलेल्या पोरांचे कान मिटलेलेच असत. ते उघडतात हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मोठी झाल्यावर तोरवीने टेहळणीचे काम मागून घेतले. लोकांना वाटले, पोरगी धीट आहे. खरे कारण वेगळे होते. पुन्हा कधी शिंग वाजायचे असेल तर ते आपल्या हातात असावे, असे तिला वाटे. ती रोज कड्यावर बसे, आकाश न्याहाळी आणि संध्याकाळी खाली येऊन सांगे, “आज काही नाही.” लोक म्हणत, “आज नाही.” त्यांचा जोर ‘आज’ या शब्दावर असे. अशी बरीच वर्षे गेली, आणि तोरवीच्या केसांत रुपेरी बटा दिसू लागल्या.

मग एका सकाळी आकाशात खरोखरच एक नाव दिसली.

तोरवीने डोळे चोळून पुन्हा पाहिले. सावली नव्हती, प्रकाशाची रेघ नव्हती. चांगली सोनेरी शिडाची, मेघडंबरीच्या घडणीची नाव होती. ती डुलत डुलत, दारू प्यायलेल्या माणसासारखी, माळरानावर उतरली.

तोरवीचे कान मिटून मानेला चिकटले. तिने शिंग उचलून ओठांना लावले.

आणि ती थांबली. त्या सकाळी अर्धी वस्ती डिंक गोळा करायला डोंगरापलीकडे गेली होती. शिंग ऐकून ते धावत सुटले असते तरी दुपार टळेपर्यंत पोचले नसते. दरीतली माणसे नावेत चढली असती, नाव सुटली असती, आणि डोंगराच्या उतारावरून कोणीतरी डोक्याचे फडके सोडून हलवत राहिले असते.

तोरवीने शिंग खाली ठेवले नाही. फक्त फुंकले नाही. ते खांद्याला अडकवून आणि हातात भाला घेऊन ती कडा उतरू लागली. वाटेत तिच्या मनात सारखे येत होते, आपण हे काय करतो आहोत? सैन्य असेल तर सगळ्यांच्या गळ्याला फास आपल्या हाताने लागेल. तरी तिचे पाय खालीच चालत राहिले.

माळरानावर सैन्य नव्हते. एक म्हातारा होता. त्याच्या अंगावर दरबारी अंगरखा होता, पण त्याची झालर ठिकठिकाणी उसवली होती. त्याने तीन दगडांची चूल मांडली होती आणि तो ओल्या लाकडांवर फुंकर घालत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होते. चुलीवरच्या भांड्यातली पेज बुडाला लागल्याचा वास सुटला होता, आणि धुराचा लोट सरळ आकाशात चढत होता.

तो धूर पाहून तोरवीला बाकी सगळ्याचा विसर पडला. “विझवा आधी तो जाळ,” ती म्हणाली. “दिसेल.”

म्हाताऱ्याने मान वर केली. “कोणाला दिसेल?”

या प्रश्नाचे उत्तर तोरवीकडे लहानपणापासून तयार होते, पण ते तोंडातून बाहेर येईना. तिने भाला रोखला. “तुम्ही मेघडंबरीचे.”

“होतो,” म्हातारा म्हणाला. त्याच्या कानांच्या बुडाशी पट्ट्यांचे पांढरे वण होते. पट्ट्या मात्र नव्हत्या, आणि दोन्ही कान थकून लोंबत होते.

“मागून किती जण येताहेत?”

“माझ्या मागून? कोणी नाही, बाई. मी निघालो तेव्हा वेशीवरचा पहारेकरी झोपला होता. जाताना सांगून जावं म्हटलं, पण त्याची झोप मोडावीशी वाटेना.”

“तुम्ही कोण?”

म्हाताऱ्याने जरा संकोचून अंगरखा सारखा केला. “माझं नाव चंद्रवळ. तुमच्या पाठलागाचा सरदार मीच.”

तोरवीचा हात शिंगाकडे गेला.

“थांबा, आधी ऐकून घ्या,” चंद्रवळ म्हणाला. “मग खुशाल वाजवा. पाठलाग निघालाच नाही. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी राजाने मला बोलावून सरदारकी दिली. तिसऱ्या दिवशी दरबार भरला. पाठलागावर जाणाऱ्यांनी कमरेला शेला कोणत्या रंगाचा बांधावा, यावर. ते ठरेपर्यंत उन्हाळा सरला. मग निघताना वाद्यं कोणती वाजवावीत, यावर दोन तट पडले. मग बेड्यांना आतून मखमल लावावी की नाही, हा प्रश्न निघाला. त्यात राजा वारला. नव्या राजाला शेल्याचा रंग आवडला नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मी रोज सकाळी तयार होऊन बसायचो, बाई. दुपारी जेवायला बोलवायचे. जेवलं की झोप यायची. असा मी म्हातारा झालो.”

तोरवीने भाला खाली केला नाही. “गोड बोलून माणसं पकडता येतात.”

“येतात,” म्हातारा म्हणाला. “तुम्ही नाव पाहा.”

तिने नाव पाहिली. आत ना सैन्य होते, ना शस्त्रे. एका कोपऱ्यात बेड्यांची मोठी रास होती. प्रत्येक बेडी रेशमी कापडात गुंडाळलेली, आणि कापडाच्या गाठी इतक्या जुन्या की बोट लावताच धागे सुटून आले. आतल्या लोखंडावर हाताचा एक ठसा नव्हता. काहींना मखमल लावली होती, काहींना नव्हती. भांडण बहुधा मिटलेच नव्हते.

तोरवी त्या राशीशेजारी खाली बसली. तिला हसू येत होते की रडू, हे तिचे तिलाच कळेना. जन्मभर ज्या बेड्यांची झोपेत स्वप्ने पडली, त्या इथे कापडात गुंडाळून पडल्या होत्या.

तिने विचारले, “मग तुम्ही का आलात?”

चंद्रवळ म्हणाला, “गेल्या साली बायको वारली. मी दरबारात उभा राहिलो आणि मला रडू आवरेना. त्यांनी टाळ्या वाजवल्या, बाई. कोणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा. तेव्हा मला तुम्ही लोक का गेलात ते समजलं. कानाच्या पट्ट्या काढून तिथेच टाकल्या. दिशा तेवढी मला ठाऊक होती. पाठलागाचा सरदार ना मी.”

तोरवीने चुलीवरचे भांडे उतरवले. पेज खाण्याजोगी राहिली नव्हती. “चला, आजोबा,” ती म्हणाली. “आमच्याकडे काहीतरी पोटात घाला.”

दरीत मोठा गलका झाला. मेघडंबरीचा माणूस पाहून काहींनी गाठोडी उचलली, काही नावेकडे धावले. थोरले काठी टेकत पुढे आले. वयाने त्यांची पाठ वाकली होती, पण आवाजाला अजून धार होती.

“शिंग का नाही वाजलं?” त्यांनी विचारले.

“मी वाजवलं नाही, थोरले,” तोरवी म्हणाली. “आधी खाली जाऊन पाहिलं.”

“नियम ठाऊक होता तुला?”

“होता.”

“आणि खाली सैन्य असतं तर?”

“तर मी चुकले असते, आणि तुम्ही सगळे माझ्यामुळे बुडाला असता. पण शिंग वाजवलं असतं तर डोंगरापलीकडची माणसं गेलीच होती. सैन्य असेल की नाही, हे ठाऊक नव्हतं. ती माणसं मागे राहतील, हे पक्कं ठाऊक होतं.”

थोरल्यांनी चंद्रवळला समोर बसवले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून विचारले. शेला, वाद्ये, मखमल. ऐकणाऱ्यांत आधी कोणी हसले नाही. मग एका म्हाताऱ्या सुईणीला हसू फुटले, आणि ते हसू थांबेना. एक कुंभार मात्र रागावला. “म्हणजे आम्ही गेलो हे त्यांना जाणवलंही नाही?”

“जाणवलं की,” चंद्रवळ म्हणाला. “पहिल्या दिवशी जेवण वेळेवर आलं नाही.”

एवढ्यात डिंक गोळा करायला गेलेली माणसे टोपल्या घेऊन परतली. ऊन कलले होते. सगळी वस्ती एका जागी बसलेली पाहून पुढचा माणूस दचकला. “काय झालं?”

“काही नाही झालं,” त्याची बायको म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडू लागली. त्याला काही कळले नाही. तो आपला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

थोरल्यांचा चेहरा मात्र उतरतच चालला होता. शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारले, “सरदार, आम्ही दुसऱ्या जगावर होतो तेव्हा आकाशात एक प्रकाश दिसला होता. ती तुमचीच नाव ना?”

“नाही हो. माझ्याआधी आमची एकही नाव या बाजूला आली नाही. एखादा तारा तुटला असेल.”

थोरल्यांच्या हातातली काठी गळून पडली. “तारा,” ते म्हणाले. “तुटलेल्या ताऱ्याला भिऊन मी माणसं टाकून आलो.”

ज्यांची माणसे मागे राहिली होती, त्यांनी माना खाली घातल्या. सुटकेचा जो श्वास नुकता सगळ्यांनी सोडला होता, तो पुन्हा छातीत अडकला.

चंद्रवळ गोंधळून इकडेतिकडे पाहत होता. “ते दुसरं जग म्हणजे नदीचं का?” त्याने विचारले. “त्याच्यावरून येताना मी धूर पाहिला. छपरं दिसली, शेतं दिसली. सगळं उघड्यावर. मला वाटलं, दुसरंच कोणी नांदतंय. पळालेली माणसं इतकी निवांत कशी राहतील, म्हणून मी उतरलो नाही.”

तोरवी उभी राहिली. तिचे कान, जे कित्येक वर्षांत उघडले नव्हते, ते टवकारून उभे राहिले. “धूर कुठे होता, आजोबा? नदीच्या अलीकडे की पलीकडे?”

“पलीकडे. पांढऱ्या तळ्याजवळ.”

मिठाच्या तळ्याजवळ. पुढे कोणाला काही सांगावे लागले नाही. दुसऱ्याच दिवशी नाव निघाली. गाठोडी बांधलेलीच होती, पण या वेळी ती दरीतच ठेवली. थोरले सगळ्यांत आधी चढून बसले होते.

प्रवासात तोरवीला अन्न गोड लागेना. धूर कोणाचाही असेल, असे ती मनाला बजावत होती. अक्का नसेल. असली तरी तोंड पाहणार नाही. पाहावे तरी का तिने?

नाव नदीपलीकडे उतरली. धूर होता. मातीच्या भिंतींची घरे होती, अंगणे होती, आणि घरांमागे फळांनी वाकलेल्या झाडांच्या रांगा होत्या. नाव पाहून कोणी पळाले नाही. पोरे तर उलट धावत पुढे आली, आणि त्यांचे कान वाऱ्यावर पानांसारखे हलत होते. त्यांच्यामागून एक उंच, ठसठशीत बाई पिठाने भरलेले हात पुसत आली.

ती अक्का होती.

तिने तोरवीला नखशिखान्त पाहिले. रुपेरी बटा पाहिल्या, गालांची हाडे पाहिली. “किती वाळलीस ग,” ती म्हणाली, आणि पिठाच्या हातांनीच तिला जवळ ओढले. तोरवीने इतक्या वर्षांत मनात जुळवलेली वाक्ये एकही आठवेनात. ती नुसती बहिणीच्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली.

थोरले हात जोडून पुढे आले. “हेमळा, मी तुम्हाला टाकून गेलो. पाठलाग नव्हताच. मी उगाच भ्यालो.”

अक्का म्हणाली, “पहिल्या वर्षी दिसला असतात, थोरले, तर दगड मारला असता.”

“मग आता मार.”

“आता हात रिकामे नाहीत,” ती म्हणाली. “आम्हाला पळायला नाव नव्हती. शिंग वाजवलं असतं तरी जाणार कुठे? म्हणून भिंती घातल्या. पडल्या, परत घातल्या. झाडं लावली. सुरुवातीला आम्हीही सारखे वर बघायचो. मग झाडांना पाणी घालायचं, पोरांना न्हाऊ घालायचं, यातून वर बघायला सवडच होईना. असे दिवस गेले. बसा आता, जेवायला वाढते.”

जेवणानंतर एका पोराने थोरल्यांच्या हातात एक पिकलेले फळ ठेवले. त्या म्हाताऱ्या माळ्याने ते बराच वेळ नुसते हुंगले, मग खाल्ले, आणि पोराला झाडाची छाटणी कशी करायची ते दाखवायला उठला. तो संध्याकाळपर्यंत परत आलाच नाही. शेवटी त्याला शोधायला माणसे गेली, तेव्हा तो झाडाखाली गाढ झोपलेला होता, आणि झोपेत त्याचे कान सैल सुटले होते. मेघडंबरी सोडल्यापासून त्याला असे झोपलेले कोणी पाहिले नव्हते.

पुढे दोन्ही जगांची ये-जा सुरू झाली. थोरले फळझाडांची रोपे घेऊन तिसऱ्या बिऱ्हाडावर परतले, आणि दरीतली माणसे माळरानावर राहायला आली. पहिल्या हंगामात त्यांची खोकल्याने धरलेली छाती मोकळी झाली, दुसऱ्या हंगामात पोटभर धान्य आले. चंद्रवळ अक्काच्या गावात राहिला. त्याची पेज अजूनही बुडाला लागते, पण तो ती स्वतः करतो. तोरवी दोन्हीकडे असते. तिची म्हणून एक नाव आहे, आणि ती फक्त माणसांना माणसांकडे पोचवायला सुटते.

तात्पर्य: वाईट जागेतून एकदा पळून जावे, पण त्यानंतर थांबून मागे वळून पाहावे, कारण जो मागे लागलेलाच नाही, त्याच्यापासून पळण्यातच माणसाचा जन्म सरतो आणि आपली माणसे वाटेत राहतात.